छडी मागण्यापूर्वी किल्ली परत घ्या

१९ मे २०२४ रोजी पहाटे अडीचच्या सुमारास पुण्याच्या कल्याणीनगरात एका भरधाव परदेशी मोटारीने दुचाकीला धडक दिली. मध्य प्रदेशातून नोकरीनिमित्त पुण्यात आलेले दोन तरुण अभियंते, एक युवक आणि एक युवती, या धडकेत प्राणांस मुकले. दोघांचेही वय अवघे २४. मोटार चालविणारा मुलगा १७ वर्षांचा होता आणि मित्रांसमवेत मद्यपान करून तो निघाला होता, असे पोलिसांचे म्हणणे. अपघातानंतर सुमारे १५ तासांत बाल न्याय मंडळाने त्याला जामीन मंजूर केला. जामिनाच्या अटींत एक अट होती, रस्ते अपघात या विषयावर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची.

त्या निबंधाने महाराष्ट्र पेटला. पेटला ते योग्यच झाले. दोन घरांचे दिवे विझलेले असताना निबंधाची भाषा ऐकून ज्याचे रक्त तापत नाही, त्याची संवेदना बोथट झाली आहे असेच म्हणावे लागेल. जनक्षोभ उसळला म्हणून यंत्रणा हलली, मंडळाने तीन दिवसांत आपला आदेश बदलून मुलाला निरीक्षणगृहात धाडले, पडद्यामागच्या अनेक गोष्टी उजेडात आल्या. लोकशाहीत लोकांच्या संतापाचे मोल असते ते यासाठीच.

परंतु संतापाला दिशा असावी लागते. पुढच्या काही दिवसांत या संतापाने जे वळण घेतले, ते विचार करावयास लावणारे आहे. कट्ट्यापासून दिवाणखान्यापर्यंत, वृत्तपत्रांतील वाचकांच्या पत्रांपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत एकच सूर लागला. ‘ही पिढीच वाया गेली.’ ‘शाळांतून छडी गेली आणि शिस्तही गेली.’ ‘यांना चाबकाने फोडून काढले पाहिजे.’ ‘अठरा पूर्ण होताच दोन वर्षे सक्तीने सैन्यात धाडा, आपोआप सरळ होतील.’ एका मुलाचा गुन्हा पाहता पाहता एका पिढीचा गुन्हा झाला आणि बोलणारी पिढी न्यायाधीशाच्या आसनावर जाऊन बसली. या आसनावर बसण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. तो विचारण्यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

आरोपींच्या यादीत मुले किती?

या प्रकरणाचा तपास जसजसा पुढे सरकला, तसतशी एक विलक्षण यादी तयार होत गेली. मुलाच्या हाती मोटार दिल्यावरून वडिलांना अटक झाली. अपघाताचा दोष स्वतःवर घ्यावा म्हणून कुटुंबाच्या चालकावर दबाव आणल्याच्या आरोपावरून आजोबांना अटक झाली. मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून शासकीय रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली आणि त्या जागी स्वतःच्या रक्ताचा नमुना दिल्याच्या आरोपावरून आईलाही अटक झाली. अल्पवयीन मुलांना मद्य पुरविल्यावरून मद्यालयांशी संबंधित मंडळींवर कारवाई झाली. हे आरोप न्यायालयात सिद्ध होतील तेव्हा होतील. पण ही यादी पुन्हा एकदा शांतपणे वाचावी. वडील, आजोबा, आई, डॉक्टर, मद्यालयाचे चालक. यांत मूल कोणते आहे?

महाराष्ट्रात सौम्य मद्यासाठी वयाची २१ आणि अन्य मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. १७ वर्षांच्या मुलासमोर पेला ठेवणारा हात प्रौढाचा होता. वाहन चालविण्याचा परवाना १८ वर्षे पूर्ण झाल्याखेरीज मिळत नाही. त्या मुलाच्या हाती किल्ली देणारा हातही प्रौढाचाच होता. ती मोटार कोट्यवधी रुपयांची. पण तिची कायमस्वरूपी नोंदणी झालेली नव्हती, कारण १,७५८ रुपयांचे शुल्क भरावयाचे राहिले होते, अशी माहिती परिवहन विभागाकडून बाहेर आली. या एका आकड्यात सारे आले. शुल्क भरण्याची ऐपत नव्हती असे कोण म्हणेल? नियम आपल्यासाठी नसतो, ही वृत्ती त्या घरात मुलाच्या जन्माआधीपासून मुक्कामाला असावी. मुलाने ती पहाटे अडीच वाजता रस्त्यावर आणली, इतकेच.

छडी गेल्यामुळे शिस्त गेली असे म्हणणाऱ्यांनी आणखी एक हिशेब मांडून पाहावा. शालेय शिक्षेवर देशभर बंदी आणणारा शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, तो लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी. या यादीतील वडीलधारी माणसे त्याच्या कितीतरी आधी शाळेतून बाहेर पडलेली. ती सारी छडीच्या राज्यात शिकली. अंगठे धरून उभी राहिली असतील, हातावर वळ घेऊन घरी गेली असतील. मग त्या छडीने त्यांना काय शिकविले? छडी दिसत नसेल तेव्हा नियम मोडावा आणि दिसू लागली की कोणाला तरी पुढे करावे, हेच ना?

संतापातून जन्मलेला कायदा

‘कायदाच मऊ आहे, तो कडक करा’ ही दुसरी मागणी. ती नवी नाही. १६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील निर्भया प्रकरणातील एक आरोपी १८ वर्षांखालील होता. तेव्हाच्या कायद्यानुसार त्याला जास्तीत जास्त तीन वर्षे सुधारगृहात ठेवता येत होते. ती संपली आणि २० डिसेंबर २०१५ रोजी तो बाहेर आला. देश संतप्त झाला. अवघ्या दोन दिवसांनी, २२ डिसेंबर रोजी राज्यसभेने नवे बाल न्याय विधेयक संमत केले. अतिशय गंभीर, म्हणजे किमान सात वर्षांच्या शिक्षेस पात्र असलेल्या गुन्ह्यांत १६ ते १८ वयोगटातील आरोपीवर, त्याच्या मानसिक क्षमतेची प्राथमिक तपासणी करून, प्रौढाप्रमाणे खटला चालविण्याची तरतूद या कायद्याने केली. म्हणजे लोकांनी मागितला तो कडक कायदा जानेवारी २०१६ पासून अस्तित्वात आहे.

पुण्यात तो का उपयोगी पडला नाही? कारण कायद्याची कसोटी शब्दांवर लागते. २०१६ च्या एप्रिलमध्ये दिल्लीत अशीच घटना घडली होती. १८ वर्षे पूर्ण होण्यास काही दिवसच उरलेल्या मुलाने महागड्या मोटारीने एका पादचाऱ्याचा बळी घेतला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ज्या गुन्ह्याला सात वर्षांची किमान शिक्षा सांगितलेली नाही, तो या कायद्याच्या अर्थाने अतिशय गंभीर गुन्हा ठरत नाही, असा निर्णय न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये दिला. सदोष मनुष्यवधाला अशी किमान शिक्षा नाही. पुण्याच्या मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालवावा ही पोलिसांची मागणी बाल न्याय मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. तत्पूर्वी २५ जून २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मुलाला निरीक्षणगृहातून मुक्त करून आत्याच्या स्वाधीन केले होते. गुन्हा कितीही गंभीर असो आणि बाहेर कितीही कल्लोळ असो, न्यायालय कायद्याने बांधलेले आहे, अशी त्या निर्णयाची भूमिका होती.

या तरतुदीत त्रुटी असतील तर संसदेने त्या अवश्य दूर कराव्यात. त्याबद्दल दुमत नाही. पण एका घटनेच्या संतापातून केलेला कायदा दुसऱ्या घटनेच्या वेळी अपुरा पडतो आणि आपण पुन्हा तिसऱ्या कायद्याची मागणी घेऊन उभे राहतो, हे चक्र किती काळ चालवावयाचे?

खरी गंमत, गंमत म्हणवत नाही अशी गंमत, पुढेच आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने कलम १९९-अ समाविष्ट झाले. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी मानला जाईल. त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड होईल. वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होईल आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळणार नाही. इतका कडक कायदा २०१९ पासून आहे. तो आणा म्हणून कोणी मोर्चा काढला नव्हता. तो पाळा म्हणूनही कोणी काढत नाही.

का काढत नाही, याचे उत्तर आपल्या घराखालच्या वाहनतळात उभे आहे. संध्याकाळी कोणत्याही शहरातील शिकवणी वर्गांच्या गल्लीत जाऊन पाहावे. नववी-दहावीच्या मुलामुलींच्या स्कूटरींची रांग लागलेली असते. वयाच्या १६ व्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीसाठी. या रांगेत तशी गाडी शोधूनही सापडायची नाही. एका गाडीवर तिघे, डोक्यावर शिरस्त्राण नाही. या गाड्या कोणी धनदांडग्यांनी दिलेल्या नाहीत. त्या बँकेतल्या, शाळेतल्या, कचेरीतल्या आईवडिलांनी दिलेल्या आहेत. ‘क्लास लांब आहे, आम्हाला वेळ नाही, आणि गल्लीबोळातूनच तर जायचे आहे’ असे त्याचे समर्थनही तयार असते. हवालदाराने अडविले तर काय करायचे, हेही घरातच शिकविलेले असते. शेदोनशे रुपये खिशात ठेवायचे किंवा ओळखीच्या माणसाला फोन लावायचा.

पुण्याच्या घटनेत आणि या गल्लीत अंतर नक्कीच आहे. पण ते मोटारीच्या किमतीचे आहे, वृत्तीचे नाही.

इंग्लंडने हे सारे करून पाहिले

मुलांना वठणीवर आणण्यासाठी छडी, सक्तीची सैनिकी सेवा आणि कडक आदेश हवेत, अशी मागणी करणाऱ्यांनी इंग्लंडकडे नजर टाकावी. तेथील खपाऊ वृत्तपत्रे आणि त्यांचा वाचकवर्ग गेले शतकभर हेच मागत आला आहे, आणि त्यातले बहुतेक सारे त्या देशाने करूनही पाहिले आहे.

१८९८ च्या उन्हाळ्यात लंडनच्या वृत्तपत्रांत ‘हूलिगन’ हा शब्द प्रथम गाजला. रस्त्यावर दंगा करणाऱ्या पोरांसाठी तो होता. घरे सैल झाली, पूर्वी असे नव्हते, फटके हाच उपाय, हा सूर तेव्हाही लागला होता. तो काळ व्हिक्टोरिया राणीचा. ज्या काळाच्या कडक शिस्तीचे गोडवे आजही गाइले जातात, तोच हा काळ. जेफ्री पिअर्सन या अभ्यासकाने १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हेच दाखवून दिले, की प्रत्येक पिढी वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या शिस्तीची आठवण काढते आणि त्या वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे लोक आणखी मागच्या काळाची आठवण काढीत होते. मागे जावे तसा तो सुवर्णकाळ आणखी मागे सरकतो.

सक्तीच्या सैनिकी सेवेचे पाहा. युद्धानंतर १९४९ पासून १९६० पर्यंत ब्रिटनमध्ये तरुणांची सक्तीची भरती चालू होती. ज्यांच्या उच्छादाने सारा देश हैराण झाला, ते ‘टेडी बॉईज’ नेमके याच काळातले. लंडनच्या नॉटिंग हिल भागात कॅरिबियन बेटांतून आलेल्या कृष्णवर्णीय रहिवाशांवर टोळ्यांनी हल्ले केले ते १९५८ साली. सक्तीची भरती तेव्हा चालूच होती. छडीचेही तेच. ब्रिटनच्या सरकारी शाळांतून छडी गेली ती १९८७ मध्ये. क्लॅक्टन, मार्गेट, ब्रायटन या समुद्रकाठच्या गावांत ‘मॉड्स’ आणि ‘रॉकर्स’ या तरुणांच्या टोळ्या एकमेकांना भिडल्या त्या १९६४ साली. ती सारी पोरे शाळेत छडी खाऊन मोठी झालेली होती.

पुढे छडीच्या जागी न्यायालयाचा आदेश आला. १९९८ च्या कायद्याने समाजविघातक वर्तन करणाऱ्याविरुद्ध विशेष आदेश काढण्याची सोय झाली. अमुक गल्लीत जाऊ नये, अमुक मित्राला भेटू नये, अशा अटी त्यात असत. २०१३ अखेरपर्यंत इंग्लंड आणि वेल्समध्ये असे २४ हजारांहून अधिक आदेश निघाले आणि त्यांतील निम्म्याहून अधिक आदेशांचा एकदा तरी भंग झाला. काही वस्त्यांतून असा आदेश मिळणे हे पोरांमध्ये मानाचे पदक समजले जाऊ लागले. शेवटी ती पद्धतच मोडीत काढावी लागली. दरम्यान ऑगस्ट २०११ मध्ये लंडनच्या टॉटनहॅमपासून दंगली उसळल्या, अनेक शहरे जळाली, पाच जणांचे बळी गेले. पुन्हा तीच आरोळी उठली, ‘ही पोरे!’ प्रत्यक्षात न्यायालयांपुढे उभ्या केलेल्यांपैकी १८ वर्षांखालील मुलांचे प्रमाण साधारण एक चतुर्थांश होते. उरलेले तीन हिस्से कायद्याने प्रौढ होते.

आणि योगायोग असा, की पुण्यात लोक सक्तीच्या सैनिकी सेवेची भाषा बोलत होते त्याच आठवड्यात, २५ मे २०२४ रोजी, ब्रिटनचे तत्कालीन पंतप्रधान ऋषी सुनक यांनी निवडणुकीच्या तोंडावर १८ वर्षांच्या तरुणांसाठी अनिवार्य राष्ट्रीय सेवेची घोषणा केली. पुढे ४ जुलैच्या मतदानात त्यांचा पक्ष सत्तेवरून गेला. ज्या देशाने हा प्रयोग एकदा गुंडाळून ठेवला, त्याच देशात ६० वर्षांनी तीच मात्रा पुन्हा उगाळावीशी वाटते, यावरून ही मागणी किती चिवट आहे हे ध्यानात यावे.

त्या देशातील एक प्रकरण आपण विशेष लक्षात ठेवावे. १९९३ च्या फेब्रुवारीत लिव्हरपूलजवळ दहा वर्षांच्या दोन मुलांनी दोन वर्षांच्या एका बालकाची निर्घृण हत्या केली. मानवी मनाला हादरवून टाकणारे कृत्य. खटल्याच्या न्यायाधीशांनी किमान आठ वर्षांची कोठडी सुचविली, सरन्यायाधीशांनी दहा वर्षांची. त्यानंतर एका खपाऊ दैनिकाने वाचकांकडून कुपने भरून घेतली. हजारो कुपने आणि अडीच लाखांहून अधिक सह्यांचे निवेदन गृहमंत्र्यांपुढे गेले. गृहमंत्र्यांनी मुदत १५ वर्षे केली. १९९७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने तो निर्णय बेकायदा ठरविला. सह्या आणि कुपने मोजून शिक्षा ठरवावयाची नसते, हा त्याचा आशय. कुपन भरणाऱ्या हजारोंचे अंतःकरण खरोखर कळवळले असेल. पण कुपन टपालात टाकले की त्याचे काम संपले. आपल्या गल्लीत शाळा चुकवून भटकणारे मूल कोणाचे, ही चौकशी करण्याचे कष्ट त्या कुपनाने वाचविले. ही सोय फार मोहक असते. आपल्याकडेही ती आता घरोघरी पोहोचली आहे.

शिस्त लावण्याची आपली रीत

दंड नकोच, असे येथे कोणी म्हणत नाही. आपल्या राजनीतीने दंडाला मानाचे स्थान दिले आहे. परंतु दंड राजाच्या हाती आणि संस्कार घराच्या हाती, ही विभागणीही तिने स्पष्ट ठेवली आहे. घराने आपले काम सोडले, की राजाच्या दंडावर नको तितका भार येतो आणि तो मोडतो.

चाणक्याच्या नावाने प्रसिद्ध असलेले एक सुभाषित वडीलधाऱ्यांच्या तोंडी नेहमी असते. पाच वर्षांपर्यंत मुलाचे लाड करावेत, पुढची दहा वर्षे ताडन करावे. बहुतेकांचे पाठांतर येथेच संपते. त्या सुभाषिताचा उत्तरार्ध असा, की मुलगा सोळाव्या वर्षात आला म्हणजे त्याच्याशी मित्राप्रमाणे वागावे. मित्र म्हणजे मागेल ते देणारा नव्हे. ज्याचे पाऊल चुकताना आपण त्याला अडवू शकतो आणि ज्याच्यासमोर आपल्यालाही सांभाळून वागावे लागते, तो मित्र. आज आपण नेमके उलट करतो. ताडनाच्या वयात लाड करतो आणि मैत्रीच्या वयात चाबूक मागतो.

छत्रपती शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या बाजूस छावणी करून राहिलेल्या आपल्या घोडदळाला पाठविलेले पत्र सुप्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणागोटा आधीच उधळाल तर पुढे मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, मग लोक कुणब्यांच्या घरून दाणे, भाकरी, गवत, भाजी ओढून आणू लागतील आणि रयतेला मोगल बरा वाटू लागेल, असे महाराज त्यात बजावतात. रात्री दिवा जळत ठेवाल तर उंदीर वात पळवील आणि गवताला आग लागेल, इथवर त्यांची नजर पोहोचते. या पत्रात धाक आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पत्र कोणाला लिहिले आहे ती. ते जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिले आहे. सैनिकाने भाजीची जुडी उचलली तर त्याचा जाब त्याच्यावरच्या अधिकाऱ्याला. आणि नियमासोबत त्याचे कारण प्रत्येकाला समजेल अशा शब्दांत. वरच्याने उत्तरदायी असावे आणि खालच्याला कारण कळावे, या दोन आधारांवर ती शिस्त उभी होती. म्हणूनच परमुलुखात, धनी पाहत नसतानाही ती टिकली.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मधील आई पोहावयास जाण्याचे टाळणाऱ्या श्यामला शिंपटीने मारते, हे सर्वांना ठाऊक आहे. छडीचे समर्थक हा दाखला आवर्जून देतात. पण त्या मारणाऱ्या आईचे डोळे नंतर भरून येतात, हे ते सांगत नाहीत. श्यामला त्या मारामागची माया दिसते, कारण ती आई दिवसरात्र त्याच्यासमोर आहे. गरिबीतही ती खोटे बोलत नाही, कष्ट टाळत नाही. तिच्या हातातील शिंपटीला तिच्या आयुष्याचे वजन आहे. रात्री अकराला घरी येऊन मुलाच्या हाती मोबाईल आणि स्कूटरची किल्ली देणाऱ्याने ती शिंपटी मागू नये. त्याच्या हातात ती नुसती काठी ठरेल.

दुसऱ्या टोकालाही उत्तर

याचा अर्थ, मुले निष्पाप आणि दोष सारा व्यवस्थेचा, असे म्हणणाऱ्या मंडळींशी आम्ही सहमत आहोत असा कोणी करून घेऊ नये. मुलाला नाही म्हणणे म्हणजे त्याच्या व्यक्तिमत्त्वावर आघात, ही आयात केलेली समजूत मध्यमवर्गात गेली पंचवीस-तीस वर्षे मोठ्या प्रतिष्ठेने वावरत आहे. तिचेही फळ आपण भोगतो आहोत. १७ वर्षांच्या मुलाला आपल्या कृत्याचा परिणाम कळतो. ज्यांचे प्राण गेले त्यांच्या आईवडिलांच्या डोळ्यांना डोळा देण्याची वेळ त्याच्यावर आलीच पाहिजे आणि कायद्याने सांगितलेली शिक्षा त्याने भोगलीच पाहिजे.

पण गंमत अशी, की मुलाला कधीच नाही न म्हणणारा बाप आणि मुलांना चाबकाने फोडा म्हणणारा बाप हे पुष्कळदा एकच गृहस्थ असतात. घरात मवाळ, कट्ट्यावर जहाल. आपल्या मुलाचे ते अल्लडपण, दुसऱ्याच्या मुलाची ती गुंडगिरी. ही दुटप्पी वृत्ती मुले अचूक ओळखतात. मोठ्यांचे ऐकण्यात ती कदाचित कमी पडत असतील, मोठ्यांना पाहण्यात ती कधीच कमी पडत नाहीत. सिग्नल तोडताना मागे बसलेले मूल पाहत असते. ‘मी घरी नाही असे सांग’ हा निरोप त्याच्याच तोंडून बाहेर जातो. गणपतीच्या मिरवणुकीत रात्री बारानंतर ढोल थांबला पाहिजे हा नियम मंडळाचे ज्येष्ठ कार्यकर्तेच मोडतात, तेव्हा त्यांच्या पायाशी नाचणारा पोर एक धडा घेऊन घरी जातो. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांतील बहुतेक वाहनांच्या चाकामागे प्रौढच बसलेले होते. या आकड्याकडे पाहून कोणी ‘ही चाळिशीची पिढीच वाया गेली’ असे का म्हणत नाही?

आरंभ कोठून?

मोठे उपाय सुचविण्याची येथे गरज नाही. करावयाच्या गोष्टी साध्या आहेत, म्हणूनच त्या राहून जातात.

पहिली गोष्ट, परवाना मिळेपर्यंत मुलाच्या हाती वाहनाची किल्ली देऊ नये. गल्लीपुरतीही नाही, दुधाच्या पिशवीपुरतीही नाही. क्लास लांब असेल तर सायकल आहे, बस आहे, आणि आळीपाळीने मुलांना पोहोचविणारे चार शेजारी आहेत. दुसरी, मुलाच्या हातून चूक घडली तर त्याच्यासोबत जाऊन ती कबूल करावी. ओळखीचा फोन लावू नये. वाहतूक पोलिसाची पावती मुलासमोर भरावी आणि त्याच्या खाऊच्या पैशांतून ती फेडून घ्यावी. असा एक प्रसंग शंभर छड्यांचे काम करील. तिसरी, शिक्षकाने तक्रार केली तर वकील होऊन शाळेत जाऊ नये. आधी ऐकून घ्यावे. शिक्षकाच्या हातची छडी कायद्याने काढून घेतली, त्याचा शब्द मात्र आपण पालकांनीच काढून घेतला आहे. तो परत देणे आपल्या हाती आहे.

चौथी गोष्ट कार्यकर्त्यांसाठी. पूर्वी वस्तीतील तालीम, वाचनालय आणि व्यायामशाळा हे मुलांचे दुसरे घर असे. तेथे शेजारचे काका दुसऱ्याच्या मुलाचा कान धरू शकत, कारण त्याच मुलाला परीक्षेच्या वेळी तेच काका गणित शिकवीत. कान धरण्याचा अधिकार त्या गणिताने मिळालेला असे. आज आपल्या वस्तीतील दहा मुलांची नावे आपल्याला सांगता येतात काय? ती संध्याकाळी कोठे असतात, हे ठाऊक आहे काय? नसेल, तर त्यांच्याविषयी निवाडा देण्याची घाई करू नये. आठवड्यातून दोन संध्याकाळी त्यांच्यासोबत मैदानावर घालविणारा कार्यकर्ता जे साधेल, ते कोणत्याही विधेयकाला साधणार नाही.

पुण्यातील ते दोन तरुण परत येणार नाहीत. त्यांच्या आईवडिलांना न्याय मिळावा, गुन्ह्यात ज्यांचा ज्यांचा हात सिद्ध होईल त्या सर्वांना, मग ते वयाने कितीही लहान वा प्रतिष्ठेने कितीही मोठे असोत, कायद्याने शासन व्हावे, ही मागणी आपण लावून धरलीच पाहिजे. पण ती लावून धरण्याचा नैतिक अधिकार कमवावा लागतो. आज रात्री घरी गेल्यावर भिंतीवरच्या खिळ्याकडे पाहावे. तेथे स्कूटरची किल्ली आहे काय? नसेल तर ती कोणाच्या हाती आहे, याची चौकशी करावी आणि ती परत घ्यावी. मुलगा रागावेल, दोन दिवस बोलणार नाही. त्याचा तो राग सोसणे हीच आपली शिस्त. त्याची शिस्त तेथून सुरू होईल.